लिंबाच्या तेलाची हळद

आमच्या घरी येणारा पाहुणा आधी दारात नाक वर करून वास घेतो आणि मग चपला काढतो. वास संत्र्याच्या सालींचा असतो, लिंबाचा असतो, कधी मोसंबीचा. "आम्ही घरात राहतो की सरबतात, तेच कळत नाही," असं माझा नवरा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. हा एकच विनोद त्याला गेली पंधरा वर्षं पुरतो आहे.

सुरुवात कपाटापासून झाली. पनवेलचा पावसाळा भिंतींवर थांबत नाही, तो कपाटातल्या साड्यांच्या घड्यांत जाऊन बसतो. एका वर्षी माझ्या लग्नातल्या शालूला बुरशीचा वास यायला लागला. तेव्हा मी खडेमिठावर लिंबाच्या तेलाचे थेंब टाकले, मलमलच्या पुरचुंड्या बांधल्या आणि कप्प्याकप्प्यांत ठेवल्या. वास गेला. मग मला काही आवरेना. संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये मुरवून फरशी पुसायचं पाणी झालं. बरणीवरच्या चिकट लेबलांसाठी संत्र्याचं तेल, मुंग्यांच्या वाटेवर लिंबाचं तेल, भेगाळलेल्या टाचांना मेण, खोबरेल आणि मोसंबीच्या तेलाचं मलम. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा घरात एक प्रयोगशाळा असायला माझ्या मते काहीच हरकत नव्हती. नवऱ्याचं मत मी विचारलं नाही.

माझा सगळ्यात गाजलेला माल म्हणजे दिवाळीचं उटणं. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, चंदन, आणि शेवटी लिंबाच्या इसेन्शियल ऑइलचे थेंब. या शेवटच्या थेंबांविषयी मी कुणाला सांगत नसे. बायका विचारायच्या, "काय घालता हो, एवढा ताजा वास येतो?" मी नुसती हसायचे. वर्गात मुलांना 'कृती आणि निरीक्षण सविस्तर लिहा' म्हणून दरडावणारी मी, स्वतःच्या कृतीची चिठ्ठी मात्र डब्याच्या तळाशी लपवून ठेवायचे. माणसाला कशाचा गर्व होईल, सांगता येत नाही.

या उटण्याची सगळ्यात जुनी चाहती म्हणजे पनवेलजवळच्या कोन गावातली आमची जुनी घरमालकीण. लग्न करून पुण्याहून इकडे आलो तेव्हा तिच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही चार वर्षं भाड्यानं राहिलो. पुढे नवीन पनवेलात स्वतःचा फ्लॅट झाला, पण मी तिला अजून मालकीणबाईच म्हणते आणि ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असून मला ताई म्हणते. तिनं मला बोंबील साफ करायला शिकवलं, मी तिला बँकेचे फॉर्म भरायला शिकवलं. तिची एकुलती एक लेक आम्ही तिथे असतानाच जन्मली आणि रांगायला लागल्यावर दिवसातला अर्धा वेळ आमच्याच खोलीत असायची. मला ती मावशी म्हणते. सात वर्षांपूर्वी मालकीणबाईंचे यजमान अचानक गेले. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी जेवायला आला नाही, इतकंच.

गेल्या मे महिन्यात त्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा आपटा गावचा, चांगला, हसतमुख. लग्नाच्या आठवडाभर आधी पोरगी माझ्याकडे आली आणि सोफ्यावर पाय घेऊन बसली.

"मावशी, एक काम आहे. मला आईच्या हातची हळद हवीय."

मी समजले. त्यांच्याकडे हळद सवाष्णींनी लावायची. आईला नवरा नाही, म्हणून आईनं आत कोठीच्या खोलीत बसून चहासाखर बघायची आणि बाहेर लेकीची हळद लागताना नुसतं ऐकायचं. आमच्याकडेही फार वेगळं नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

"तू काही काळजी करू नकोस," मी म्हटलं. "आईसाठी वेगळी वाटी मी घेऊन येते."

आणि इथे माझ्यातली गर्विष्ठ बाई जागी झाली. वाटी साधी कशी द्यायची? मी आंबेहळद आणली, चंदन उगाळलं, खोबरेल घातलं. लिंबाचं तेलही नेहमीचं नको म्हणून अधिक चांगल्या प्रतीची नवी बाटली मागवली. साल दाबून काढलेलं, ताज्या लिंबाच्या वासाचं तेल. नेहमी चार थेंब घालते, त्या दिवशी पोरीच्या मायेपोटी चमचाभर ओतलं. खोक्यावर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं. चष्मा आत होता. खोकं मी कचऱ्यात टाकलं.

हळदीच्या सकाळी अंगणात मांडव भरून गेला होता. सवाष्णी परातीतली हळद घेऊन पोरीला लावत होत्या, गाणी चालली होती, पोरगी पिवळ्या बिनबाह्यांच्या झग्यात हसत होती. चेहऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असा पार्लरवालीचा हुकूम होता. शेवटची सवाष्ण उठली तरी पोरगी पाटावरून हलेना.

"आईनं लावल्याशिवाय मी उठणार नाही."

गाणी थांबली. मालकीणबाईंची मोठी जाऊ शेजारच्याच घरात राहते, मनानं वाईट नाही, पण रीतीच्या बाबतीत फार कडक. ती पुढे आली. "असा हट्ट नको गो. चांगल्या कामाला गालबोट नको लागाया. आईलाच इचार, ती तरी तयार हाय काय?"

मालकीणबाई कोठीच्या दारात उभी होती. "जावदे ताई," ती मलाच म्हणाली. "उगा वाद नको. मी बगतंय ना हितून."

मला राग आला की माझा आवाज वर्गातला होतो. चाळीस बायकांसमोर मी जे काही बोलले ते मला आता नीट आठवत नाही. नऊ महिने पोटात वाढवताना कुणी मुहूर्त विचारला होता का, असं काहीतरी होतं. मग मी मालकीणबाईला हाताला धरून बाहेर आणलं आणि माझी वाटी तिच्या हातात दिली.

तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. एकेका चेहऱ्याकडे, जणू प्रत्येकीची परवानगी मागत होती. मग दोन्ही हात वाटीत बुडवले आणि लेकीचे दोन्ही दंड घट्ट धरले. नुसतं बोट लावून बाजूला होणं तिला जमलंच नाही. पोरगी उठून उभी राहिली आणि दोघी तशाच रडत होत्या. जावेनंसुद्धा पदर डोळ्यांना लावला, मी पाहिलं. फोटोवाला म्हणाला, मायलेकींचे फोटो उजेडात काढू, म्हणून मालकीणबाईनं हात धुतले, त्या दोघी मांडवाबाहेर लिंबाच्या झाडाजवळ गेल्या आणि भर अकराच्या उन्हात तासभर फोटो चालले. मी लांबून बघत होते. आपण फार मोठं काम केलं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पोरगी म्हणाली दंडांची आग होतेय, आम्ही म्हटलं भरजरी ब्लाउज टोचत असेल. ती सासरी आपट्याला गेली. चौथ्या दिवशी तिनं मला फोनवर फोटो पाठवला.

दोन्ही दंडांवर तपकिरी डाग होते. एका बाजूला चार लांब पट्टे, दुसऱ्या बाजूला एक आखूड. काही ठिकाणी फोड येऊन बसले होते. बोटं इतकी स्पष्ट होती की करंगळी कोणती तेही सांगता आलं असतं.

"डॉक्टरांकडे जाऊन आले मावशी," ती फोनवर म्हणाली. "मलम दिलंय. जातील म्हणाले, पण काही महिने लागतील. ते विचारत होते, लिंबू लावून उन्हात गेली होतीस का? मी म्हटलं छे, नुसती हळद होती."

"हो का," मी म्हटलं. एवढंच.

फोन ठेवला आणि कॉम्प्युटर उघडला. अर्ध्या तासात सगळं समजलं. लिंबाच्या सालीत असा एक पदार्थ असतो की तो कातडीवर राहिला आणि वर ऊन पडलं, तर कातडी भाजते. वाफेवर काढलेल्या तेलात तो जवळपास नसतो. साल दाबून काढलेल्या तेलात असतो. म्हणजे माझी जुनी बाटली निरुपद्रवी होती आणि मी कौतुकानं मागवलेली नवी बाटली घातक. शिवाय उटणं दिवाळीत पहाटे अंधारात लावून लगेच धुतात, त्यामुळे इतक्या वर्षांत कधी काही झालंच नव्हतं. आणि मी त्यावरून स्वतःला जाणकार समजत होते.

त्याच संध्याकाळी मालकीणबाईला फोन केला. धीर करून सांगावं असं ठरवलं होतं. पण तीच आधी बोलली.

"बघितलंव ना ताई? इतक्या बायांनी हलद लावली. एकीचा हात नाय उठला. माजाच उठला."

"अगं, तसं काही नसतं..."

"नसतं कसं? दिसतंय ना डोळ्यांनी. जाऊ काय बोलली नाय, पण तिचं तोंड बघितलं ना मी. बरोबरच होतं तिचं. माज्या हातानंच पोरीला भाजवली."

सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणालेत जातील डाग, तू जेवून घे." इतकं पुचाट वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

पुढचे तीन दिवस मी स्वतःला कारणं देत होते. तिला शास्त्रातलं कळणार नाही. आता सांगून उपयोग काय. पोरीच्या सासरी उगाच चर्चा होईल. खरं कारण एकच होतं, की सगळ्यांसमोर तावातावानं भांडून जिला मी बाहेर आणलं, तिच्याच हातात मी ती वाटी दिली होती, आणि हे तिच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटत होती. तिकडून बातम्या येत होत्या. लेक पहिल्यांदा माहेरी आली तर आईनं तिला जवळ घेतलं नाही, ताट वाढलं तेही जावेच्या हातून. पोरगी फोनवर रडली. "आई मला हात लावत नाहीये, मावशी."

संध्याकाळी चहा घेताना हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. सरबताचा विनोद केला नाही.

"ती तिकडे स्वतःच्या हातांना घाबरलीय," तो म्हणाला, "आणि तू इथे तेलाची अब्रू सांभाळत बसलीयस."

मी चिडले. उठून आत गेले. भांडी आपटली. पण तो म्हणाला ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच मी इतकी चिडले होते.

नुसतं सांगून ती ऐकणार नाही, हेही मला माहीत होतं. ती म्हणाली असती, ताई माझं मन राखायला बोलते. वर्गात आम्ही अशा वेळी करून दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच वाटी घेतली, तेच माप, तीच नवी बाटली. उजवा हात वाटीत बुडवून स्वतःचा डावा दंड घट्ट धरला, मग तो हात धुतला. खाली मनगटाजवळ नुसत्या साध्या हळदीचे पट्टे ओढले. आणि अकराच्या उन्हात बिल्डिंगच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले. नवरा छत्री घेऊन माझ्या शेजारी उभा होता. छत्री माझ्या डोक्यावर, दंड तेवढा उन्हात. शेजारच्या बाई पापड वाळत घालायला आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आग सुरू झाली. तिसऱ्या दिवशी फोड आले. मनगटाजवळ काहीही नव्हतं, तिथली हळद पहिल्याच आंघोळीत गेली होती. दंडावर माझी पाच बोटं उमटली होती. मी रिक्षा करून कोनला गेले.

मालकीणबाई ओसरीवर सुकट निवडत बसली होती. वाळलेली दिसत होती. मी बाही वर केली.

ती चटकन उठली. "अगो बाय! तुमाला काय झालं?"

"हात बघ कुणाचा आहे तो. माझ्याच बोटांचे वळ आहेत. मी सवाष्ण आहे ना? नवरा आत्ता घरी बसून पेपर वाचतोय. मग माझ्या हातानं का भाजलं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. वाटीत काय होतं, किती होतं, का घातलं, उन्हानं काय झालं. बाकीच्या बायकांची हळद परातीतली होती आणि एकट्या तिची माझ्या वाटीतली, हे दोनदा सांगितलं. आठवडाभर माहीत असून गप्प बसले, हेही सांगितलं. ते सगळ्यात जड गेलं.

ती वळली आणि घरात निघून गेली. मी ओसरीवर एकटी उभी. पंचवीस वर्षांची मैत्री संपली असं मला वाटलं, आणि त्यात तिचं काही चुकलं असतं असं मी म्हणणार नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात कोरफडीचं पान होतं. मला खाली बसवलं, पान चिरलं आणि गर माझ्या दंडावर लावायला लागली. हात हलका, तोंड मात्र सुटलेलं.

"शिकलेली बाई ना तुमी! पोरांना शिकवता ना? मना एक फोन करता आला नाय? एवढे दिस मना माज्याच हाताची भ्या वाटत होती, ताई. भाकरी थापताना सुदीक बघत होतं मी हाताकडं. पोर आली, तिला जवल घेतली नाय मी. पोर आली माजी आन् मी तिला..."

मी तिचा गरानं बरबटलेला हात धरला. "चुकले गं," मी म्हटलं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि कुंपणावरून जावेला हाक मारली. जाऊ आली. मला सगळं परत सांगावं लागलं, दंड परत दाखवावा लागला. जावेनं माझा दंड उजेडात धरून वरून खालून पाहिला, मग म्हणाली, "म्हंजे हात चांगला होता, वाटी वंगाल होती." मी म्हटलं, हो, वाटी वाईट होती. तेवढ्यावर मालकीणबाईचं समाधान झालं नाही. तिनं मला आळीतल्या सहा घरी नेलं आणि सहाही घरी मी बाही वर करून माझी अक्कल दाखवली. शेवटच्या घरी तर न सांगताच बाही वर गेली. बायका हसल्या, मीही हसले, आणि पाचव्या की सहाव्या घरी मालकीणबाईही हसली. त्या हसण्यासाठी मी दुसरा दंडही भाजून घेतला असता.

त्यानंतर आमच्या घरातलं लिंबाचं तेल बंद झालं नाही. फरशीला आहे, कपाटातल्या पुरचुंड्यांत आहे. अंगाला लागणाऱ्या कशातही मी ते घालत नाही, आणि प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत आत काय आहे ते लिहून चिकटवते. उटण्याची कृती आता बिल्डिंगमधल्या सगळ्यांना पाठ आहे. नवरा म्हणतो, बाईंनी शेवटी कृती आणि निरीक्षण सविस्तर लिहिलं.

दिवाळसणाला लेक आणि जावई कोनला आले. पहाटेच्या आंघोळीला आम्हालाही बोलावणं होतं. उटणं माझंच होतं, तेलाशिवायचं, आणि तरी मालकीणबाईनं वाटी हातात घेऊन तीनदा वास घेतला. जाऊ बाजूला पणत्या लावत होती. लेक पाटावर बसली आणि बाही वर करून दिव्याच्या उजेडात आपला दंड वळवून वळवून बघायला लागली.

"गेले बघ, आई," ती म्हणाली. "गेल्या महिन्यापर्यंत अंगठा दिसत होता. आता काहीच नाही."

"बरं झालं," मालकीणबाई म्हणाली. "नवं आंग, त्यावर डाग कशाला."

"बरं काय झालं? तिकडे करमायचं नाही ना, तेव्हा मी तिथेच हात ठेवून झोपायचे. तुझी बोटं होती ती."

जावेचा हात पणतीवर थांबला होता. लेकीनं दंड पुढे केला.

"परत लाव."

मालकीणबाईनं दोन्ही हात वाटीत बुडवले आणि लेकीचे दंड धरले. या वेळी तिनं आधी कुणाकडेच पाहिलं नाही.